बाबांच्या आवाजाचं फोल्डर

माझ्या वडिलांचा आवाज मी पुसून टाकला. बुधवार होता, दुपारचे चार वाजले होते, आणि कांदिवलीला त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर बसून पुसला. त्या वेळी माझ्या हातात चहात बुडवलेली खारी होती आणि ती तुटून कपात पडू नये याकडे माझं सगळं लक्ष होतं.

आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर मी सांगता सांगता त्यात गंमत घालतो, ऐकणारा हसायला लागतो, आणि मग मलाही वाटायला लागतं की हे हसण्यासारखंच होतं.

बाबांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणजे आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टर म्हणाले. बाबा ऐंशीला टेकलेले. उमेदीची वर्षं गिरणीत साचेखात्यात गेली. मागांच्या खडखडाटात शेजारच्याला ऐकू जावं म्हणून ओरडायची सवय लागली. गिरणी बंद पडली, बाबा कांदिवलीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले, पण आवाज साचेखात्यातलाच राहिला. तळमजल्यावर चहा मागितला की तिसऱ्या मजल्यावर कळायचं.

ऑपरेशनला आठ दिवस होते. माझी बहीण बोरिवलीला राहते, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मला दादा म्हणते, पण त्यापुढे जे बोलते त्यात दादा म्हणण्यासारखं काही नसतं. तिचा फोन आला.

"दादा, त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेव. तुला कॉम्प्युटरचं कळतं ना? मग नुसता बसू नकोस."

मी नुसताच बसलो होतो, ते तिला बोरिवलीहून कसं दिसलं कोण जाणे.

मी फोन घेऊन कांदिवलीला गेलो. बाबा बनियनवर, खाटेच्या कडेला, पोलिसांत जबाब द्यायला बसावं तसे बसले.

"काय बोलू?"

"रोज बोलता तेच."

"रोज मी काय बोलतंय?"

आई आतून म्हणाली, "शिव्या."

शेवटी आईनेच यादी सांगितली. पंखो वाढय. टीव्ही बारीक कर. भायर कोण इला? मीठ कमी पडला. माका नको. जेवलंस? असं करत करत एकशे बारा वाक्यं झाली. मधेच बाबांना खोकला यायचा, मग मी फोन बंद करून परत चालू करायचो. खोकल्याचं रेकॉर्डिंग कशाला ठेवायचं, असं मला तेव्हा वाटलं.

बाबांनी आईला नावाने कधी हाक मारली नाही. आमच्याकडे त्यांच्या पिढीत बायकोचं नाव घेत नसत. 'अगो', एवढंच. पण त्या 'अगो'चे प्रकार होते आणि ते आईला बरोबर कळायचे. ती म्हणाली, "एक करून काय व्हायचा नाय. तीन कर." पहिला 'अगो' काहीतरी हवं असल्याचा. दुसरा वैतागाचा, चष्मा सापडत नाही वगैरे. तिसरा बाबांनी केला तेव्हा मी विचारलं, "हा कशाचा?"

"कशाचो नाय. असोच," बाबा म्हणाले.

मी यादीत लिहिलं: अगो ३.

ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर लॅपटॉप उघडून मी बाबांच्या वाक्यांच्या बटणांचे रंग ठरवत होतो. शेजारी बहीण रडत होती. मी तिला विचारलं, 'माका नको'ला लाल देऊ की राखाडी? ती उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

आवाज वाजवायचाच असेल तर फोनवरही वाजतो, हे तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. "फोनमध्ये एक फोल्डर कर, संपलं. प्रोग्राम कशाला हवा?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. खरं तर मला हाताला काम हवं होतं.

मी पोटासाठी स्मॉलटॉक नावाच्या जुन्या संगणकभाषेत प्रोग्राम लिहितो. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात त्या भाषेतली एक जुनी सिस्टिम अजून चालते, आणि ती चालते तोवर मीही चालतो. बाकीचे सगळे कधीच नव्या भाषांकडे गेले. आता ऑफिसात माझ्याकडे लोक बघतात ते जुन्या लिफ्टच्या लिफ्टमनकडे बघावं तसं. नको आहे, पण काढला तर वर कसं जायचं ते कुणाला माहीत नाही.

बाबांसाठी मी याच भाषेत बटणांचा एक पडदा बनवला. बटण दाबलं की बाबांचा आवाज. तीन जागी चालायला हवा होता. माझा ऑफिसचा लॅपटॉप विंडोजवाला. कांदिवलीच्या घरातला जुना कॉम्प्युटर मी लिनक्सवर नेलेला. आणि बोरिवलीला बहिणीकडे मॅक, कारण तपासण्यांसाठी बाबा तिच्याकडे राहणार होते.

स्मॉलटॉकचं काम बंद घरासारखं असतं. आत सगळं मिळतं, पण आवाज वाजवणं, फाइली पुसणं असली कामं बाहेरच्या प्रोग्रामला हाक मारून करून घ्यावी लागतात. बाहेर कोण राहतं त्यावर हाक ठरते. विंडोजवर एक शब्द, लिनक्सवर दुसरा, मॅकवर कधी तिसरा, कधी लिनक्सचाच. बाहेरच्याला हाक कळली नाही तर तो तसं धड सांगतही नाही, नुसता एक आकडा परत पाठवतो. शून्य आला तर काम झालं, दुसरं काही आलं तर नाही झालं. तो आकडा का आला ते शोधायचं असतं. ऑफिसात पंचवीस वर्षं मी प्रत्येक नव्या माणसाला हेच सांगत आलो. आकडा वाचा रे, आकडा.

बाबा घरी आले. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र हॉस्पिटलातून मिळालं होतं. बाबांनी ते एकदा लावलं, त्यातून निघालेली गुरगुर ऐकली आणि यंत्र कपाटात लेंग्यांखाली ठेवून दिलं. पाटी होती, पण पाटीवरचं स्वयंपाकघरात ऐकू जात नाही, आणि आईला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. तेव्हा बटणं कामाची ठरणार होती.

पहिल्याच दिवशी आईने पेज आणली. बाबांनी 'माका नको' दाबलं. काही झालं नाही. झालं असं होतं की मी हाक सरळ पद्धतीने मारली होती, आणि तशी मारली की बाहेरचं काम संपेपर्यंत स्मॉलटॉकचं अख्खं घर जागच्या जागी थिजतं. माऊस हलत नाही, बटण वर येत नाही. आवाज यायला दोन क्षण लागले. तेवढ्यात बाबांनी आणखी चार वेळा दाबलं. दाबलेलं सगळं आत रांगेत उभं राहिलं, आणि मग स्पीकरमधून साचेखात्यातला तो आवाज आला. माका नको. माका नको. माका नको. माका नको. माका नको.

"कळला हो!" आई ओरडली. "एकदा सांगल्यात तां पुरे!"

बाबा हसले. बिनआवाजाचं. खांदे हलत होते आणि गळ्यातल्या भोकातून फुसफुस हवा येत होती. मी बहिणीला फोन करून सांगितलं की आज खूप मजा आली. आली असणार.

मग मी हाक मारायची पद्धत बदलली. बाहेरच्याला काम सांगायचं आणि तो करतोय तोवर आपण मोकळं व्हायचं. लिनक्सवर त्यासाठी हुकमाच्या शेवटी एक खूण लागते, विंडोजवर आधी एक शब्द लागतो. ते जमलं. पुढचे दोन महिने बटणं बरी चालली. आई स्वयंपाकघरातून बाबांना उलट उत्तरं द्यायला लागली. भांडणंही झाली म्हणे, एकशे बारा वाक्यांत बसतील तेवढी.

मग मी सुधारणा करायला घेतली.

बाबांचं बोट थरथरायचं, म्हणून बटणं मोठी करायची होती. हे मी नाहूरला माझ्या घरी, विंडोजच्या लॅपटॉपवर करत होतो. बाबांचा आवाज त्या लॅपटॉपवर नव्हता. चाचणीसाठी त्याच नावाचं एक फोल्डर होतं आणि त्यात मी स्वतः बोललेलं, "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का?" काम झाल्यावर ते फोल्डर उडवून टाकावं असं मनात आलं. हाताने उडवलं असतं तर एक क्षण लागला असता. पण मी प्रोग्रामर. मी हुकूम लिहिला: आपल्या शेजारचं 'आवाज' नावाचं फोल्डर पूस.

विंडोजची एक खोड आहे. फाइल कुणी वापरत असेल तर ती पुसू देत नाही. म्हणून मी वर जोडलं, शून्य आला नाही तर एक मिनिट थांब आणि पुन्हा पूस. शून्य येईपर्यंत. आणि हे सगळं मागच्या मागे चालू राहू दे.

आणि पुसण्यासाठी शब्द वापरला तो लिनक्सचा. बोटांना तीच सवय.

माझ्या विंडोजला तो शब्द माहीत नव्हता. त्याने दुसराच आकडा परत पाठवला. माझा हुकूम म्हणाला, फाइल कुणीतरी वापरतंय वाटतं, मिनिटाने बघू. मिनिटाने परत तेच. असे तीन दिवस. दर मिनिटाला स्क्रीनवर एक काळी चौकट लुकलुकून जायची आणि बटणं क्षणभर थिजायची. मला वाटलं, लॅपटॉपची स्क्रीन चालली. मुलुंड स्टेशनजवळच्या एका दुकानात मी विचारूनही आलो की नवी स्क्रीन कधीपर्यंत मिळेल.

आता इमेजबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय माझ्या मूर्खपणाची खोली कळायची नाही. इतर भाषांत प्रोग्राम म्हणजे लिहून ठेवलेल्या फाइली. स्मॉलटॉकमध्ये सगळं जग एकाच फाइलीत जिवंत असतं, तिला इमेज म्हणतात. उघड्या खिडक्या, अर्धवट राहिलेली कामं, वाट बघत थांबलेले हुकूम, सगळं. इमेज सेव्ह करून बंद केली की ते जग जसंच्या तसं झोपी जातं. ती फाइल उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली, भले तिथे दुसरी सिस्टिम असेल, उघडली की ते जग डोळे चोळत उठतं आणि जिथे होतं तिथून पुढे चालू लागतं. याचं मला फार कौतुक. ऑफिसात नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी हेच दाखवतो.

मोठ्या बटणांची इमेज मी सेव्ह केली, पेनड्राइव्हवर घातली आणि बुधवारी अर्धी रजा टाकून कांदिवलीला गेलो. नाहूरहून कांदिवलीला जायचं म्हणजे दोन बस आणि एक रिक्षा. डोंगराखालून बोगदा काढतायत, तो झाला की पंचवीस मिनिटांत पोचाल म्हणतात. त्या दिवशी तो झालेला नव्हता हे एका परीने बरंच होतं. बाबांच्या आवाजाला दीड तास जास्त मिळाला.

जुन्या इमेजच्या जागी नवी टाकली. शेजारी बाबांच्या आवाजाचं फोल्डर होतंच. उघडली. मोठी बटणं आली. बाबांनी 'जेवलंस?' दाबलं. स्पीकरमधून "जेवलंस?" आलं. मी म्हटलं, हो. आईने चहा-खारी आणली.

मिनिट झालं. झोपेतून उठलेला हुकूम पुन्हा बोलला. या घरात त्याचा शब्द कळत होता. शून्य परत आला. काम झालं म्हणून हुकूम निवांत संपून गेला. काळी चौकट नाही, आवाज नाही, काही नाही.

बाबांनी परत दाबलं. शांतता. दुसरं दाबलं. शांतता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खारी संपवली, हात पुसला आणि फोल्डर उघडायला गेलो, तर फोल्डरच नव्हतं.

तेव्हा काय वाटलं असं बहिणीने नंतर खूपदा विचारलं. काही वाटलं नाही. कपात तळाशी खारीचा गाळ होता, तो मी चमच्याने काढून खाल्ला. मग बाबांना म्हटलं, "स्पीकर गेलाय." बाबांनी पाटीवर लिहिलं, "मग नवो घेऊन ये."

बाहेर येऊन मी बहिणीला फोन लावला.

"तुझ्या मॅकवर बाबांच्या आवाजाची कॉपी आहे ना?"

"आहे. का रे?"

"काही नाही. आहे ना?"

"दादा, काय केलंस?"

"काही नाही गं."

"फोनमध्ये पण असेल ना तुझ्या?"

"फोनमधून काढलं. जागा नव्हती."

"कशाने भरला होता?"

"तुझ्या सोसायटीच्या गणपतीचे व्हिडिओ."

रिक्षा करून बोरिवलीला गेलो. फोल्डर तिथे होतं, एकशे बाराच्या एकशे बारा फाइली. मी पेनड्राइव्ह लावला. शहाणा माणूस आधी ते फोल्डर पेनड्राइव्हवर घेईल. मी म्हटलं, आधी सगळं नीट वाजतंय का ते बघू. तिच्या मॅकवरची जुनी इमेज दोन महिने बिनबोभाट चालली होती.

"मग हे नवीन कशाला टाकतोयस?" ती माझ्या डोक्यावर उभी होती.

"दोन्ही घरांत एकच व्हर्जन हवं."

"का?"

"असतं तसं."

नवी इमेज टाकली, उघडली, 'जेवलंस?' दाबलं. बाबा बोलले. ती म्हणाली, "परत लाव." परत लावलं. मग तिने ओट्यावर पोहे भिजवायला घेतले आणि आतून सांगत राहिली, हे लाव, ते लाव. 'भायर कोण इला?' लावलं. 'गप रवा' लावलं. ती आत हसली. मग 'अगो ३' लाव म्हणाली.

तेवढ्यात मिनिट झालं होतं. पेनड्राइव्हवरच्या इमेजमध्ये तो हुकूम होताच, आणि मॅकलाही तो शब्द कळतो.

ती हात पुसत बाहेर आली. "काय झालं?"

मी स्क्रीनकडे बघत होतो. कचऱ्याच्या डब्यात बघ, ती म्हणाली. बघितलं. हुकमाने पुसलेलं डब्यात जात नाही, थेट जातं. हे मी तिला शांतपणे समजावून सांगितलं. मध्ये कुठे अडखळलोही नाही. माझं बोलणं होईपर्यंत ती उभी होती, मग म्हणाली, "पोहे खाऊन जा," आणि आत गेली. पोहे चांगले झाले होते. मीठ कमी होतं, पण मी बोललो नाही.

कारण सापडलं ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात. काळी चौकट, मिनिट, तीन दिवस, सगळं जुळलं. गंमत म्हणजे ज्या फोल्डरसाठी हा सगळा हुकूम होता, ते माझ्या लॅपटॉपवर आजही आहे. त्यातला मी आजही विचारतो, एक, दोन, तीन, ऐकू येतंय का?

घाटकोपरला एकजण पुसलेलं परत काढून देतो असं कळलं. शनिवारी कांदिवलीच्या कॉम्प्युटरची डिस्क काढून त्याच्याकडे नेली. त्याने हातात घेऊन फिरवून बघितली. म्हणाला, "साहेब, ही नव्या जातीची आहे. पुसलं की स्वतःच जागा साफ करून टाकते. जुनी असती तर काहीतरी निघालं असतं. ही कोणी बसवली?"

मीच. कॉम्प्युटर लवकर चालू व्हावा, बाबांना थांबायला लागू नये म्हणून. बहिणीच्या मॅकमध्येही तसलीच निघाली, तिथे तरी मी काही बसवलेलं नव्हतं.

बहीण फोनवर म्हणाली, "आता बाबांना तू सांग. मी नाही सांगणार."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो गं."

अकरा दिवस स्पीकर गेलेलाच राहिला. त्या दिवसांत मी जे केलं ते मला कुणी विचारलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं. माझ्याकडे एकशे बारा वाक्यांची यादी होती. आवाज नव्हता, पण बाबांची नक्कल मी लहानपणापासून करायचो. चाळीत, लग्नात, कुणी म्हटलं की लगेच. माझा हुकमी कार्यक्रम होता तो.

रविवारी घरचे बाहेर गेले. आमच्या शेजारची इमारत पाडताहेत, तिथलं ड्रिल थांबलं की मी डोक्यावर गोधडी घ्यायचो आणि आत फोन धरून बोलायचो. पंखो वाढय. मीठ कमी पडला. ड्रिल सुरू झालं की गोधडीतून बाहेर येऊन घाम पुसायचा. दोन वाक्यं झाल्यावर लक्षात आलं की 'जेवलंस?' म्हणताना बाबांचा आवाज शेवटी वर जायचा की खाली, ते मला आठवत नाही. जन्मभर ऐकलेलं वाक्य. दोन्ही करून बघितली. वर जाणारं ठेवलं. 'अगो' पहिला जमला. दुसरा जास्तच जमला. तिसरा मी कितीतरी वेळा केला, मग कंटाळून त्यातला एक ठेवून दिला.

या वेळी मी चार कॉप्या काढल्या. चार. एक ऑफिसात, एक घरी, एक बहिणीला न सांगता बहिणीकडे, एक खिशात.

आणि नवा स्पीकरही नेला, खोटं पूर्ण व्हायला.

कांदिवलीला पोचलो तेव्हा आई आत बांगडे कापत होती. बाबा खाटेवर, पाटी मांडीवर. मी स्पीकर लावला, प्रोग्राम उघडला, मिनिटभर घड्याळ बघत बसलो, मग म्हटलं, "बघा आता."

बाबांनी 'पंखो वाढय' दाबलं. स्पीकरमधून मी बोललो. बाबांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. त्यांनी मान वाकडी करून स्पीकरकडे बघितलं, एखादा अनोळखी माणूस दारात आल्यासारखं. पंखा मी उठून वाढवला.

मग त्यांनी पहिला 'अगो' दाबला.

"काय रे?" आई आतून म्हणाली.

काय हो नाही. काय रे. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग दुसरा दाबला.

"अरे काय व्हया तुका? हात भरलेले आसत माझे."

मी हळूच म्हटलं, "राहू दे बाबा, आवाज जरा सेट करावा लागेल." त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि तिसरा दाबला. बोट बटणावर तसंच ठेवलं.

आत विळीचा आवाज थांबला. आई बाहेर आली. माशाचे हात अंगापासून लांब धरलेले. बाबांकडे बघितलं, स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू कित्याक बोलतंस त्येंच्या जागी?"

सांगायची वेळ आली की मी एरवी आधी एखादा किस्सा लावतो. त्या दिवशी एकही आला नाही. "त्यांचा आवाज गेला," मी म्हटलं. "माझ्या हातून पुसला गेला."

"सगळो?"

"सगळा."

"चेडवाकडे होतो मां?"

"बहिणीकडचाही. तिकडे जाऊन पुसला."

आई खाटेच्या टोकाला बसली. हात तसेच हवेत. स्वयंपाकघरात मांजर आलेलं आम्हां दोघांनाही दिसत होतं, पण तीही उठली नाही आणि मीही नाही.

बाबांनी पाटी घेतली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की खडू संपत आलाय, येताना आणायला हवा होता. मग त्यांनी पाटी फिरवून आईपुढे धरली. माझ्यापुढे नाही.

आईने डोळे बारीक केले. "चष्मो आत आसा. काय लिवल्यानी?" मग माझ्याकडे वळली. "वाच. मोठ्यान वाच."

मी पाटी घेतली आणि वाचलं, "डॉक्टरान माझो आवाज एकदाच काढल्यान. ह्या मेल्यान दोनदा. आणि नक्कल पण धड जमूक नाय."